भाच्याला सांगा, रोपाऐवजी सुके जर्दाळू आण

स. न. वि. वि.

आम्ही इंदूरला राजेंद्रनगरात राहतो. घर जुनं आहे, पण मागे साधारण वीस बाय पंधरा फुटांचं अंगण अजून शाबूत आहे. त्यात माझ्या सासऱ्यांनी लावलेला पेरू, एक कढीपत्ता आणि तुळशीवृंदावन आहे. माझा भाचा कारगिलला नोकरीला असतो. गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही दोघं त्याच्याकडे जाऊन आलो, तिथे झाडावरून तोडलेले ताजे जर्दाळू खाल्ले आणि तेव्हापासून यांनी ध्यासच घेतलाय की आपल्या अंगणात जर्दाळू लावायचा. भाचा जानेवारीत सुट्टीवर येताना दोन रोपं आणतो म्हणतोय. यांनी स्वतः फोनवर आणखी एक हेरून ठेवलंय, नऊशे रुपयांचं: 'कलमी, बारमाही, कुठल्याही हवामानात, दोन वर्षांत फळ'. सासूबाईंचं तिसरंच. सियागंजातून आणलेल्या जर्दाळूंच्या बिया त्यांनी धुऊन, वाळवून डब्यात ठेवल्यात आणि 'बी लावा, फुकटात झाड होईल' असा त्यांचा आग्रह आहे. जागा करायची म्हणून आता पेरू तोडायचं घाटतंय. मला ते जिवावर आलंय, पण विरोध करायला माझ्याकडे मुद्दा नाही. जर्दाळू इथे येतो का? आणायचाच झाला तर रोप कुठलं घ्यावं, लावावं कसं?

– एक वाचक, इंदूर

ताई,

उत्तर आधी सांगून टाकते, पेरूचा जीव उगीच टांगणीला नको. इंदुरात जर्दाळूचं झाड जगू शकतं. पानं येतील, थोडी सावलीही पडेल. फळ मात्र धरणार नाही. एखाद्या कडक हिवाळ्यानंतर चार-दोन लागली तर नशीब समजायचं. तेवढ्यासाठी सासऱ्यांच्या हातचा, फळता पेरू तोडणं म्हणजे हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागे लागणं आहे. तोडू देऊ नका.

आता तुम्हाला हवा असलेला मुद्दा.

जर्दाळू, आडू, आलुबुखारा, सफरचंद ही सगळी पानगळीची झाडं. जर्दाळूचं पुढच्या वर्षीचं फूल आदल्या उन्हाळ्यातच तयार व्हायला लागतं. फांदी जवळून पाहिलीत तर पानाच्या बगलेत गव्हाच्या दाण्याहून लहान, तपकिरी खवल्यांनी घट्ट मिटलेले डोळे दिसतील. एकेका पेरावर दोन-तीन असतात. मधला टोकदार डोळा बहुधा पानाफांदीचा, बाजूचे गुबगुबीत डोळे फुलाचे. थंडी पडायला लागली की पानं गळतात आणि हे डोळे झोपी जातात. मध्येच चार दिवस ऊन पडलं म्हणून त्यांची झोप मोडत नाही, आणि मोडू नये हेच झाडाच्या हिताचं. नाहीतर ऐन जानेवारीत फुलून सगळी फुलं बर्फात गेली असती. थंडीचे ठरावीक तास अंगावरून गेल्याशिवाय डोळा जागा होतच नाही. हे तास मोजायची जुनी, ढोबळ रीत अशी की हिवाळाभरात पारा 7 अंश सेल्सियसच्या खाली एकूण किती तास राहिला याची बेरीज करायची. जर्दाळूच्या बऱ्याचशा डोंगरी जातींना असे 600 ते 900 तास लागतात, काहींना त्याहूनही जास्त. कमी थंडीच्या म्हणून परदेशात मुद्दाम काढलेल्या जाती आहेत, त्याही 300 तासांच्या आसपास मागतात.

आपल्याकडचा जमाखर्च पाहा. जानेवारीत इंदूरचं सरासरी किमान तापमान 10 अंशांच्या घरात असतं. लाट आली की पारा पाच-सहावर उतरतो, पेपरात पहिल्या पानावर शेकोटीचा फोटो येतो, पोह्याच्या गाडीवर दोन तास उशिरा गर्दी होते. पण त्या रात्रीसुद्धा पारा सातच्या खाली राहतो तो पहाटेचे तीन-चार तास. दहा वाजता अंगणात स्वेटर काढावा लागतो आणि दुपारी 25-26 अंश. अशा पंधरा-वीस रात्री धरल्या तरी बेरीज ऐंशी तासांपलीकडे जात नाही. शिवाय दुपारची ऊब रात्रीच्या कमाईतला काही भाग पुसून टाकते, ते वेगळंच. शब-ए-मालवाचं, म्हणजे माळव्यातल्या रात्रीचं, कौतुक शायरांनी केलं ते माणसांच्या झोपेपुरतं. जर्दाळूची झोप तेवढ्यावर पुरी होत नाही.

झोप अर्धवट झालेलं झाड कसं दिसतं तेही सांगते, कारण पुढे कुणाच्या अंगणात पाहाल तर ओळखता येईल. फेब्रुवारी-मार्चमध्ये फक्त फांद्यांच्या शेंड्यांना पानं फुटतात आणि खालची फांदी लांबच्या लांब नागडी राहते. फुलं एकदम न येता महिनाभर रेंगाळत, एक इथे एक तिथे उमलतात. पुष्कळशा कळ्या न उमलताच गळतात. दरवर्षी असंच होत राहिलं की झाड अशक्त होतं, बुंध्यातून डिंक यायला लागतो आणि खोडकिडा तिथे घर करतो. तुम्ही खत वाढवाल, पाणी वाढवाल, त्याने काही साधणार नाही, कारण कमतरता थंडीची आहे.

म्हणून भाच्याची हौस कितीही मायेची असली तरी तिन्ही रोपांत त्याचं रोप इथल्यासाठी सगळ्यात चुकीचं. तिकडच्या जाती महिनोन्‌महिने गोठणाऱ्या हिवाळ्यावर पोसलेल्या. आणि नुसत्या थंडीचाच प्रश्न नाही. लडाखातल्याच लेहला वर्षभराचा पाऊस-बर्फ मिळून 100 मिलिमीटरच्या आसपास होतो. इंदुरात साडेनऊशेच्या आसपास पडतो, आणि तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. त्या झाडांना उन्हाळ्यात कोरडी हवा आणि पाटाचं बेताचं पाणी माहीत. आपल्या श्रावणात त्यांच्या पानांवर बुरशी येणार आणि मुळं कुजणार.

मुळांवरून आपल्या काळ्या मातीकडे येते. 'पग पग रोटी, डग डग नीर' म्हणून माळव्याच्या मातीची थोरवी आपण गातो ते गहू-हरभऱ्यासाठी खरंच आहे. पण ही माती पावसात फुगते, चिकट होते, तिच्यातली हवा निघून जाते. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि बारीक मुळं तुटतात. जर्दाळूच्या कुळातल्या झाडांना मुळाशी साचलेलं पाणी अजिबात चालत नाही. दोन-चार दिवस मुळं बुडून राहिली तरी ती गुदमरतात.

हे ज्यांना सगळ्यात आधी नीट उमगलं त्यांतला एक माणूस आपल्याच गावात काम करून गेला. अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शास्त्रज्ञ 1924 ते 1931 या काळात इंदूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीचे प्रमुख होते. होळकर दरबाराने दिलेल्या जमिनीवर ही संस्था उभी राहिली. आजचं कृषी महाविद्यालय तिथेच आहे. शेतीच्या मराठी पुस्तकांत कंपोस्टची 'इंदूर पद्धत' म्हणून जी शिकवतात ती हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी इथे बसवली. पालापाचोळा, शेण, गोमूत्रात भिजलेली माती, लाकडाची राख यांचे थर द्यायचे, ढीग ओला ठेवायचा पण दाबायचा नाही, ठरावीक दिवसांनी वरखाली करायचा. तीन महिन्यांत खत तयार. इथे येण्याआधी हॉवर्ड बिहारात पुशाला आणि क्वेट्ट्याला फळझाडांवर काम करत होते. झाडाच्या मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते, हा त्यांचा सतत चाललेला आग्रह. जगभरचे सेंद्रिय शेतीवाले ज्याचं नाव घेतात तो ढीग आपल्या गावचा, आणि आपण पालापाचोळा मात्र कचरागाडीत देतो! स्वच्छतेत नंबर येतो, ते ठीकच; पण पेरूची पानं तरी घरात ठेवा.

आता फोनवरच्या नऊशे रुपयांच्या रोपाबद्दल. 'बारमाही जर्दाळू' असा प्रकार नसतो. जे झाड वर्षातून एकदा फुलण्यासाठी एवढे आढेवेढे घेतं ते बारा महिने फळणार कसं? 'कुठल्याही हवामानात' हे वाचलं तिथेच थांबायचं. जातीचं नाव, कलम कशावर बांधलंय आणि रोप कुठल्या गावच्या रोपवाटिकेतलं, एवढं विक्रेत्याला विचारा. नावं खरी असली तर तो न्यूकॅसल, कैशा, शकरपारा, हरकोट असं काहीतरी सांगेल. खुंट, म्हणजे कलमाखालचं मुळांचं रोप, म्हणून जंगली जर्दाळूचं किंवा आडूचं बीपासूनचं रोप वापरलंय असं सांगेल. 'खुबानी का पौधा है, मॅडम, बहुत अच्छा है' एवढंच उत्तर आलं तर नऊशे रुपयांची बालुशाही आणा, घरातले सगळे खातील.

खरं रोप कसं ओळखायचं हे इंदूरपेक्षा तुमच्या डोंगरातल्या नातेवाइकांच्या कामाचं जास्त, पण लिहून ठेवते. हिमाचल-उत्तराखंडातल्या चांगल्या रोपवाटिका जर्दाळू विकतात ते डिसेंबर ते फेब्रुवारीत, पानं गळालेल्या काडीच्या रूपात. मुळांना माती नसते. ओलं शेवाळ किंवा गोणपाट गुंडाळलेलं असतं. पाहणाऱ्याला वाटतं वाळलेली काठी गळ्यात मारली. पण हीच काठी हवी. डिसेंबरात हिरव्यागार पानांनी भरलेला 'जर्दाळू' पिशवीत आला तर तो जर्दाळू असेलच असं नाही, असला तरी तो झोपलेला नाही. बुंध्याशी वीतभर अंतरावर कलमाचा सांधा दिसला पाहिजे: किंचित वाकडा, थोडा फुगीर, वरच्या आणि खालच्या सालीचा रंग जरा वेगळा. सांधा दिसलाच नाही तर ते बीपासूनचं रोप. सांध्याच्या खालून जोरकस फुटवा आलाय आणि वरचा भाग मलूल आहे, तर कलम मेलंय आणि खुंट वाढतोय; तेही घेऊ नका. जाडी पेन्सिलीपेक्षा थोडी जास्त असली की पुष्कळ. मुळावर नखाने ओरखडा काढला तर आत पांढरं-ओलं दिसावं, तपकिरी नको. मुळांवर किंवा सांध्याशी फुलकोबीसारख्या खडबडीत गाठी असतील तर तो जिवाणूंचा रोग असतो, मातीत राहतो. असलं रोप अंगणात आणूच नये. उंच, जाड, फांद्या फुटलेलं रोप पाहून माणूस भुलतो, पण एक वर्षाचं साधं रोप नव्या जागी लवकर रुळतं.

सासूबाईंच्या बियांचं मला मनापासून कौतुक आहे, आणि खरं सांगायचं तर तिघांत त्यांचाच प्रयोग मी होऊ देईन, कारण त्यात पेरूला धोका नाही. बाजारात दोन तऱ्हेचे सुके जर्दाळू मिळतात. केशरी, लुसलुशीत, बी काढलेले असतात ते बहुतेक तुर्कस्तानचे. त्यांचा तो रंग गंधकाच्या धुरीने टिकतो. बियांसकट येतात ते तपकिरी, सुरकुतलेले. सासूबाईंकडे अर्थातच हे दुसरे असणार. त्यांच्या बिया उगवतात, पण अशाच मातीत खोचून नाही. बी चोवीस तास भिजवायची, ओलसर वाळूत घालून झाकणाच्या डब्यात फ्रिजच्या खालच्या कप्प्यात सहा ते आठ आठवडे ठेवायची. फ्रीजरमध्ये नाही. मध्येमध्ये डबा उघडून वाळू सुकली नाही ना, बुरशी आली नाही ना हे पाहायचं. टोक फुटलेलं दिसलं की कुंडीत. डिसेंबरच्या सुरुवातीला ठेवल्या तर फेब्रुवारीत कुंडी भरता येईल. बीपासूनचं झाड आईसारखं निघेलच असं नसतं आणि फुलायच्या वयात यायलाच त्याला काही वर्षं लागतात; इथे तर ते वय आलं तरी थंडीचा अडसर आहेच. पण नातवंडांना बी कशी जागी होते ते दाखवायला याहून चांगला खेळ नाही.

एक मात्र घरात सगळ्यांना बजावा. लहानपणी आपण सगळ्यांनी जर्दाळूची बी दाराच्या फटीत धरून फोडली आहे आणि आतला बदाम खाल्ला आहे. गोड निघाला तर ठीक. कडू लागला तर लगेच थुंकायचा. त्या कडूपणाबरोबर अमिग्डालिन नावाचं द्रव्य असतं आणि पोटात त्यापासून सायनाइड तयार होतं. मोठ्या माणसाला एखाद्या दाण्याने काही होत नाही, पण मुलांनी मूठभर फोडून खाल्ले तर दवाखाना गाठावा लागतो. कर्करोगावर औषध म्हणून कडू बिया विकणारे महाभाग आहेत, त्यांच्या नादी तर मुळीच लागू नका.

इतकं सगळं सांगूनही तुमचे यजमान ऐकणार नाहीत, असं पत्राच्या सुरावरून वाटतं. तेव्हा एक जर्दाळू लावायचाच, तर पेरूच्या जागेवर नको, आणि नीट लावा.

जागा अशी हवी की हिवाळ्यात निदान सहा-सात तास ऊन मिळेल. घराच्या भिंतीपासून, पाण्याच्या टाकीपासून आणि सांडपाण्याच्या पाइपापासून आठ-दहा फूट दूर. वाढलेलं झाड पंधरा-वीस फूट पसरतं, म्हणून तुमच्या अंगणात पेरूसोबत त्याची अडचण होणारच. दरवर्षी छाटून आटोक्यात ठेवावं लागेल. डोंगरात मीटरभर लांब-रुंद-खोल खड्डा घेतात. आपल्याकडे तसं करू नका. काळ्या मातीत खोल खड्डा घेऊन त्यात भुसभुशीत खत-माती भरली की पावसाळ्यात त्याचा हौद होतो: चारी बाजूंनी पाणी आत येतं, खालून जात नाही आणि मुळं त्यात उभी. त्यापेक्षा जमीन फक्त फावड्याच्या पात्याएवढी खणून सैल करा आणि तिच्यावर दीड-दोन फूट उंच, पाच-सहा फूट रुंद असा मातीचा उंचवटा करा. अंगणातली माती, मुरूम आणि चांगलं कुजलेलं कंपोस्ट एकत्र करून. नुसती वाळू थोडी घातल्याने काळी माती सुधारत नाही, विटेसारखी घट्ट होते, मुरूम बरा. उंचवटा लागवडीच्या महिनाभर आधी करून ठेवला तर माती बसायची तेवढी बसून जाते.

रोप आल्या दिवशी मुळं रात्रभर पाण्यात ठेवा, तुटलेली-काळी पडलेली कापून टाका. दुसऱ्या दिवशी वाफसा पाहून लावा. चिखलात नाही आणि ढेकळातही नाही. मुळं पसरून ठेवायची, गुंडाळून कोंबायची नाहीत. कलमाचा सांधा मातीच्या वर चार-सहा बोटं राहिलाच पाहिजे. तो गाडला गेला तर वरच्या भागाला स्वतःची मुळं फुटतात, साल कुजते आणि खुंट घेतल्याचा उपयोग जातो. माती हाताने दाबा, पायाने तुडवू नका. मग एकदा भरपूर पाणी, बांबूचा सैल आधार, आणि शेंडा जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर कापून टाकायचा. हे कापताना यजमानांचा हात थरथरेल. कापू द्या. मुळं तुटून आलेल्या रोपाला तेवढाच वरचा भार झेपतो, आणि फांद्याही खालून, चहूबाजूंनी फुटतात. सोयाबीनचा भुसा किंवा पेरूचा पाचोळा आळ्यात चार बोटं जाड पसरा. बुंध्याला मात्र चिकटवू नका.

पहिला उन्हाळा हीच खरी परीक्षा. मेमध्ये पश्चिमेच्या उन्हाने कोवळी साल भाजते, तिला चिरा पडतात आणि तिथून कीड शिरते. म्हणून बुंध्याला चुना किंवा बोर्डो पेस्ट लावायची. घरगुती प्रमाण: 100 ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, 100 ग्रॅम चुना अर्ध्या लिटरमध्ये, दोन्ही वेगवेगळे विरघळवून मग एकत्र. भांडं प्लॅस्टिकचं किंवा मातीचं, लोखंडी नको. हीच पेस्ट पावसाळ्याच्या तोंडावर पुन्हा लावा. पाणी वारावर देऊ नका, बोट खुपसून पाहून द्या: दोन पेरं आत ओल लागली की त्या दिवशी सुट्टी. पावसाळ्यात काहीच पाणी नको, उलट बुंध्याशी डबकं होत नाही ना ते पाहायचं. दिवाळीनंतर पाणी कमी करत जायचं, खत तर बंदच, म्हणजे झाडाला विसाव्याची खूण मिळते. डिसेंबरमध्येही पानं गळाली नाहीत तर ती हाताने तोडून टाकतात. त्याने झाड झोपेकडे वळतं, पण थंडीचे तास वाढत नाहीत. छाटणी कधीही पावसाळ्यात करू नका. ओल्या हवेत जखमेतून बुरशी शिरते आणि डिंक सुटतो.

गच्चीवर ड्रममध्ये लावण्याचा विचार करत असाल तर तो सोडा. मे महिन्यात इंदूरच्या गच्चीवर ड्रमची माती जितकी तापते तितकी जर्दाळूच्या मुळांना सोसत नाही.

आता एवढी खटपट करायचीच आहे तर ती फळ देणाऱ्या झाडासाठी का करू नये? यजमानांना नेमकं काय आवडलं होतं? केशरी-पिवळं, आंबटगोड, हातात मावणारं, झाडावरून तोडून उभ्या उभ्या खायचं फळ. मग लोकाट लावा. लोकाट सदाहरित आहे, त्याला थंडीच्या तासांचा हिशेब लागत नाही. फुलं येतात ती हिवाळ्याच्या तोंडाला, मंद गोड वासाची, आणि फळं पिकतात ती मार्च-एप्रिलमध्ये, बाजारात आंबा यायच्या आधी. पाऊस सुरू होईपर्यंत झाड मोकळं झालेलं असतं, ही त्याची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. फळाची साल पातळ, हात लागला की डाग पडतो, म्हणून ते दुकानात क्वचित दिसतं; घरच्या अंगणाचंच फळ आहे ते. गोल्डन यलो, कॅलिफोर्निया ॲडव्हान्स ही नावं विचारा, आणि रोप कलमी किंवा गुटीचंच (फांदीला झाडावरच मुळं फोडून केलेलं) घ्या, म्हणजे तीन-चार वर्षांत फळ दिसेल. गोल्डन यलो एकटं लावलं तर कमी धरतं, शेजारी दुसऱ्या जातीचं झाड असेल तर बरं; शेजारणीला दुसरी जात घ्यायला लावा. उंचवटा, मुरूम, पाचोळा हे सगळं वर सांगितलं तसंच, फक्त लावायचं जुलैअखेर किंवा फेब्रुवारीत. ऐन पिकायच्या दिवसांत लू सुटली तर फळं उन्हाने भाजतात, म्हणून जागा अशी निवडा की तिसऱ्या प्रहरी घराची सावली पडेल. आणि पोपट तुमच्या आधी उठतात हे धरून चाला, जाळी लागेल.

जर्दाळूच्या कुळातलंच काही हवं असा हट्ट असेल तर कमी थंडीचा आडू हा मधला रस्ता. फ्लोरिडा विद्यापीठाने काढलेली फ्लोर्डा प्रिन्स ही जात 150 तासांच्या आसपास थंडीवर भागवते आणि पंजाबच्या मैदानात चांगली रुजली आहे. इंदुरात तेवढेही तास नक्की मिळतील असं नाही, पण जर्दाळूपेक्षा तिची आशा कितीतरी पटीने जास्त. शिवाय नुसती गुलाबी फुलं आली तरी तुमचे यजमान खूश होतील.

भाच्याला मात्र रिकाम्या हाताने येऊ देऊ नका. लडाखात पांढऱ्या बीचा 'रक्त्से कार्पो' जर्दाळू होतो, त्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. त्याची बी गोड असते आणि फळ झाडावर असतं त्याहून सुकल्यावर मला जास्त आवडतं. सुकवलेल्याला तिकडे फटिंग म्हणतात. दोन किलो आणायला सांगा. रात्री भिजवून सकाळी त्याच पाण्यात मंद शिजवायचे. साखर लागत नाही. उरलेले कोरड्या बरणीत घालून फ्रिजमध्ये ठेवा, आपल्याकडच्या पावसाळ्यात बाहेर ठेवलेल्या सुक्या जर्दाळूंना अळी पडते.

राहिला पेरू. किती जुना आहे ते तुम्ही लिहिलं नाही, पण सासऱ्यांनी लावलेला म्हणजे फांद्या वर वर गेल्या असतील आणि पावसाळ्यात लागणारी फळं अळीने भरलेली असतील. तोडायचा विषय निघाला त्यात याचाही वाटा असणार. तसं असेल तर एप्रिलपासून त्याचं पाणी तोडा आणि मेच्या मध्यात शेंड्यांकडच्या फांद्या तिसऱ्या हिश्शाने मागे छाटा, आतल्या एकमेकींवर घासणाऱ्या काढून टाका. जूनचा पाऊस पडला की नवी फूट येईल, तिच्यावरच मृग बहाराची फुलं धरतील आणि फळं नोव्हेंबर ते जानेवारीत मिळतील. थंडीतल्या पेरूत अळी फार कमी असते, गोडीही वेगळीच. छाटलेल्या फांद्यांचा पाला बाजूला ठेवा, लोकाटाच्या आळ्यात कामाला येईल.